ओटीतली कळलावी

माझ्या विहिणीने मला फसवलं. दिंडोशीच्या तिच्या घरात, देवासमोर पाटावर बसवून, तिने माझ्या ओटीत मेलेले कंद घातले आणि वर म्हणाली, "घ्या, तुमची ठेव सुखरूप." गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. झालं गेलं गंगेला मिळालं, असं घरातले म्हणतात. माझं अजून काही गंगेला मिळालेलं नाही.

कंद कळलावीचे होते. मुलुंडला आमच्या मागे डोंगर आहे, तिकडे पावसाळ्यात गेलात तर झुडपांवर चढलेली दिसेल. फूल आधी हिरवट असतं, मग पिवळं होतं, मग लाल होत जातं. पाकळ्या खाली पसरत नाहीत, चुलीतल्या जाळासारख्या वर उलटतात. पानाचं टोक बोटासारखं वळतं आणि त्या बोटाने शेजारची काटकी धरून वेल वर सरकते. पाऊस गेला की सगळी वाळते, जमिनीवर काडीसुद्धा राहत नाही. खाली कंद झोपलेला असतो. पुढच्या पावसाच्या तोंडावर तो आपला आपण उठतो, त्याला हाक मारावी लागत नाही.

आमच्या मालवणाकडे या फुलाला गौरीचे हात म्हणतात. गौर तेरड्याच्या रोपांची करायची, तिला साडी नेसवायची आणि दोन्ही बाजूंना ही फुलं खोचायची. ते तिचे हात. माझ्या आईने हातांशिवाय गौर कधी घरात घेतली नाही. "थुटी देवी काय देतली?" असं म्हणायची.

दुसरं नाव कळलावी. कळ म्हणजे बाळंतपणातली कळ. पूर्वी बाई अडली की सुइणी हा कंद उगाळून तिच्या तळपायाला लावायच्या, त्याने कळा सुरू होतात असं मानायचे. कळ लावणं म्हणजे भांडण लावणं, हा आणखी एक अर्थ. चाळीतल्या बायांनी माझा स्वभाव बघून तो अर्थ उचलला. "एक कळलावी कुंपणावर आणि एक कुंपणाच्या आत," असं समोरची मला ऐकू जाईल अशा बेताने बोलायची. मी म्हणायचे, "वेल चारच महिने असते गं. मी बारमाही आहे, जपून राहा."

लग्न होऊन मुंबईला निघाले तेव्हा आईने राखेच्या डब्यात एक कंद घालून दिला. कोयत्यासारखा वाकडा, दोन्ही टोकांना तांदळाच्या दाण्याएवढा फिकट डोळा. तो दाखवून म्हणाली, "गे बाय, हेचो जीव हय टोकाक आसा. ह्यो डोळो मोडलो तर कांदो मातयेत रवता, पण झाड काय येना नाय." मग म्हणाली, हात लावलास की हात धू, विखारी आहे. आईने मला दागिना असा दिला नाही, द्यायला नव्हताच. हे दिलं.

आमची बैठी चाळ डोंगराच्या पायथ्याशी, आणि आमची खोली शेवटची, त्यामुळे बाजूला साडीच्या पदराएवढी जमीन होती. तिथे तो कंद रुजला, दरवर्षी नवे कंद धरत गेला. पुढे आई गेली. भावाने घरामागचा कातळाचा सडा चिऱ्याच्या खाणीला दिला. कळलावी जिथून आली होती तिथे आता लाल खड्डा आहे. म्हणजे आईच्या वेलीचं उरलेलं सगळं मुलुंडला, माझ्या कुंपणावर होतं. शेंगा कधी धरल्या नाहीत, कारण प्रत्येक फूल गौरीला जायचं. जे काही होतं ते त्या कंदांत होतं.

मी कपबशा विकत असे. कारखान्यातून बाजूला काढलेला सेकंडचा माल घाऊक उचलायचा, त्यातला बरा निवडायचा आणि बाजारात गोणपाटावर मांडून बसायचं. कप नखाने वाजवला की कळतं. सरळ असेल तर टणकन बोलतो, तडा असेल तर बदबदतो. घाऊकवाले मला बघून आपणच फुटके वेगळे काढायचे, कारण मी शिव्या मोजून देत नसे. गिरणी बंद पडल्यावर आमचे हे बरेच दिवस घरी होते. तेव्हा गोणपाटावर घर चाललं, आणि गोणपाटावरून मी स्वतःच्या गाळ्यात आले. कुणाच्या उपकारावर नाही.

मुलाचं लग्न दिंडोशीच्या मुलीशी झालं. तिचे वडील सरकारी कचेरीत, घर कॉलनीतल्या इमारतीत, नळ घरात. मुलगी गुणाची होती. तिची आई घाटावरची. त्यांच्याकडे गौरी मुखवट्यांच्या, उभ्या. पहिल्याच वर्षी मला म्हणाली, "आमच्या गौरींना हात शिवलेले असतात, विहीणबाई. धुऊन ठेवले की पुढच्या वर्षी तयार." मी म्हटलं, "आमच्या गौरीला दरवर्षी नवे फुटतात." ती हसली नाही.

लग्नानंतरच्या पावसात सुनेला दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात पोटातलं गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा राहिले. यावेळी सगळे दबक्या पावलांनी चालत होते. सून खोकली तरी मी भांडी घासायची थांबून बघायचे. अशात गौरी आल्या. तिला सातवा होता. विहीण लेकीची ओटी भरायला आणि गौरीचं जेवायला म्हणून आली, आणि कुंपणाच्या फाटकातच थांबली. सून वेलीच्या सावलीत बसून तेरड्याच्या जुड्या बांधत होती.

"विहीणबाई, ही कसली फुलं?"

"गौरीचे हात. या ना आत."

"नाव काय त्याचं?"

"तेच तर सांगितलं."

"कळलावी ना ही? गेल्या वर्षी मला ठाऊक नव्हतं. आमच्या खालच्या बाईने सांगितलं मला. माझी पोर पोटुशी, आणि तुम्ही दारात कळलावी लावून बसलाय?"

"लावून बसले नाही. तुमच्या पोरीच्या आधीपासून ती या घरात आहे."

सून उठली. "आई, अगं आत तर ये."

"तू आधी त्या वेलीखालून बाजूला हो." मग माझ्याकडे वळून ती हळू आवाजात म्हणाली, "गेल्या वर्षी गेलं, तेव्हाही ही होती ना?"

होती. ती दरवर्षीच असायची. मी सुनेच्या हातातली जुडी घेऊन बांधायला लागले, आणि विहीण माझ्याकडे बघत थांबली. गिऱ्हाईक जेव्हा आपल्या डोळ्यांत बघून थांबतं तेव्हा भाव पडलाच म्हणून समजायचं.

पान वाढलं. घावन-घाटलं, पाच भाज्या, सगळं. विहीण पाटावर बसली आणि हात मांडीवर ठेवून राहिली. "ते उपटल्याशिवाय मी इथे घास घेणार नाही." गौरीच्या दिवशी सवाष्ण भरल्या पानावरून उपाशी उठून गेली तर त्या घराला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं, आणि तिलाही. मला आधी वाटलं, बसू दे अशीच. पण गौर समोर उभी होती आणि सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हिरवी उपटली तर कंद भरत नाहीत," मी म्हटलं. "दिवाळीनंतर वाळेल, तेव्हा काढते."

"मग पोरीला आजच नेते. बाळंतपणाला येणारच होती, आधी येईल. पण नंतरही पाठवणार नाही. हे विषारी आहे. उद्या पोर रांगेल, ते काय वाचून खाणार आहे?"

"पत्र्याच्या पिंपात लावीन. वर जाळी बसवीन."

"जाळी लावा नाहीतर कुलूप लावा. बाळ येईल तेव्हा कंद या घरात नकोत. माझ्या ताब्यात द्या."

"आणि परत?"

"बाळाला घेऊन पोरगी सासरी येईल त्या दिवशी परत. पिंपात लावा, जाळी लावा, मग मी काही बोलणार नाही."

मुलगा म्हणाला, "आई, दे ना. त्यांच्याकडे राहिले तर काय जातंय?" त्याचं काही जातच नव्हतं.

मी तिला गौरीच्या पायाला हात लावायला लावला. तिने लावला आणि म्हणाली, "गौरीची आण, सगळे परत देईन." मीही लावला, की एकही कंद मागे ठेवणार नाही. कपांच्या व्यवहारात मी पाच पेट्या दाखवून सहावी पाठीमागे ठेवलेली असते, सगळ्या बाजाराला माहीत आहे. पण इथे ठेवली नाही. विहीण मग जेवली. घाटलं दोनदा मागून घेतलं.

सून त्याच दिवशी दिंडोशीला गेली, आणि माझे वाईट दिवस सुरू झाले.

या असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही असं मी चारचौघांत सांगत होते. पण सकाळी दार उघडलं की पहिली नजर वेलीकडे जायची, आणि वेल बघितली की सुनेचं पोट आठवायचं. वेल हिरवीगार होती. त्या वर्षी पाऊस लांबला आणि ती वाळायचं नावच घेईना. मुलुंडची वेल दिंडोशीला काय करणार, असं मी स्वतःला विचारायचे. मग वाटायचं, नवस तरी कुठे अंतर बघून पोचतो? शाप कशाला बघेल? फोन फक्त कोपऱ्यावरच्या वाण्याकडे होता. तो दुकानातून हात हलवून कुणाला बोलवायला लागला की मी हातातलं काम टाकून दारात यायचे. तो दुसऱ्याच कुणाला बोलवत असायचा. एकदा मला बोलावलं, मी चप्पल न घालता धावले, तर बायकोला भेटायला दिंडोशीला गेलेला मुलगा विचारत होता की त्याची निळी पँट कुठे ठेवली आहे. मी त्याला फोनवर जे ऐकवलं ते ऐकून वाण्याने समोरच्या बाईला साखर जास्त तोलली.

एकदा मी खुरपं घेऊन वेलीपाशी उभी राहिले. आमचे हे तेव्हा घाटकोपरच्या एका कंपनीत वॉचमन लागले होते, ड्युटीवर निघत होते.

"काय करतेस?"

"काढते. संपवते एकदाचं."

"शब्द वाळल्यावरचा दिला आहे ना?"

"आणि तोवर काही झालं तर?"

ते म्हणाले, "तर तू आयुष्यभर वेलीला शिव्या देशील. आणि आज काढलीस तर आयुष्यभर मला देशील. माझा विचार कर." मी खुरपं ठेवून दिलं. पण हात साबणाने तीनदा धुतले, वेलीला न शिवताच.

दिवाळी झाली आणि पानं पिवळी पडली. मी हाताने माती बाजूला सारत कंद काढले, खुरपं लावलं नाही. चांगले भरलेले, ठणठणीत कंद. एकेक राखेत घोळवला, फडक्यात बांधला आणि दिंडोशीला घेऊन गेले. सून दारात आली, तोंडावर सूज होती पण हसत होती. तिला बघून मला इतकं बरं वाटलं की माझी जीभ सैल झाली. सगळं बिघडलं ते तिथे.

विहिणीने बिस्किटांचा डबा काढला, त्यात वाळू भरली. मी कंद ठेवताना म्हटलं, "टोकाला धक्का लागू देऊ नका."

"का? टोकाला काय आहे?"

"हा डोळा. हा बघा, फिकट दिसतोय तो. कोंब इथूनच येतो."

"हा?" तिने चष्मा वर करून जवळून बघितलं. "आणि हा मोडला तर?"

"मोडला की संपलं."

"बाकीचा कंद चांगला राहिला तरी?"

"बाकीचा कंद मग दगड."

तिने मान हलवली आणि डबा माळ्यावर ठेवला. तिने विचारलं आणि मी सांगितलं. कप कुठे कमजोर असतो हे मी आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही.

सुनेला दवाखान्यात नेलं तेव्हा कळा येऊन थांबल्या. दिवसभर ती अडून होती. आम्ही दोघी बाकावर बसलो होतो, मधे थर्मास. विहीण जप करत होती. डॉक्टरीणबाई आत-बाहेर करत होत्या. माझ्या डोक्यात भीती इतकी साचली होती की ती रागाच्या वाटेने बाहेर आली. मी म्हटलं, "कळलावी तुमच्या माळ्यावर आहे ना, विहीणबाई? आणा की काढून. आता पाहिजे तर नेमकी डब्यात!"

तिने जप थांबवला. "अशा वेळी तरी जीभ आवरा हो."

"का? गौरीपासून तिच्या नावाने घाबरवलंत. आता कळा येत नाहीत तर तो गुण कुठे गेला तिचा?"

ती उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. शेवटी इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळी नात झाली, चांगल्या आवाजाची. आम्ही दोघी रडलो, एकमेकींना धरून रडलो. मला वाटलं, मिटलं.

चैत्रात सून बाळाला घेऊन सासरी यायला निघाली. त्यांना आणायला मी गेले. विहिणीने देवासमोर पाट मांडला, माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि दुसऱ्या एका खणात बांधलेले कंद. "घ्या, तुमची ठेव सुखरूप," ती म्हणाली. मी पदर पसरून घेतलं. खणाची गाठ किंचित सैल होती, आतून एक कंद दिसत होता, हळदीने माखलेला, आणि टोकाला कुंकवाचा जाड थर. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, बाई खोचक आहे पण देवाचं देवासारखं दिलं.

ओटीत आलेली वस्तू कुणी वाजवून बघत नाही. नारळ हलवून बघत नाहीत, खणाची लांबी मोजत नाहीत. ओटी ही देणारीच्या मनावर घ्यायची असते. आणि वस्तूला लावलेलं हळदकुंकू कुणी पुसत नाही. हे मला माझ्या आईने शिकवलं आणि तिला तिच्या आईने शिकवलं असणार. घाटावरची असो की कोकणातली, हे दोन्हीकडे सारखंच आहे. म्हणून तर तिने ती जागा निवडली. फडक्यात बांधून दिले असते तर मी तिथल्या तिथे एकेक कंद उजेडात धरला असता.

यांनी पत्र्याचं पिंप आणलं, त्याला भोकं पाडली, वरून जुन्या खिडकीची जाळी बसवली आणि जाळीला कडी केली. मी शब्दाला जागले. पावसाच्या आधी कंद लावले, हळदकुंकवासकट.

मग वाट बघणं. पहिल्या सरींनंतर पंधरवड्यात कोंब वर येतो, शाईच्या टाकाच्या निबासारखा. आला नाही. पिंपाखालच्या मातीत अळू आलं, कुंपणाला रानकारली चढली, समोरचीचा मोगरा फुलून गेला. माझं पिंप काळ्या मातीचं तसंच. मी गाळ्यावर उशिरा जायला लागले. पाणी जास्त झालं म्हणून पिंप वळचणीखालून ओढलं, मग ऊन कमी पडतं म्हणून पुन्हा बाहेर. समोरची म्हणाली, "काय गं, तुझ्या कळलावीने मौन घेतलं वाटतं?" एरवी मी तिला सोडलं नसतं. त्या दिवशी मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं, कुजले असतील?" तीच घाबरली. म्हणाली, "तुला बरं आहे ना?"

श्रावण लागला तेव्हा मी माती उकरली. कंद कुजलेले नव्हते. एक मऊ पडला होता, बाकीचे कडक होते, जसे घातले तसे. पावसाने कुंकू धुऊन गेलं होतं. टोकं बोथट होती. प्रत्येक कंदाची दोन्ही टोकं. मोडलेल्या जागेवर साल सुकून घट्ट झाली होती, म्हणजे मोडणं जुनं होतं, डब्यातलं होतं. आपटून एखादा मोडतो, दोन मोडतात. सगळे दोन्हीकडून मोडत नाहीत. मोडायला नख लागतं आणि एका जागी बसून मोडावं लागतं.

मी आतल्या जमिनीवर बसले. सुनेने विचारलं, "आई, काय झालं?" मी तिच्यापुढे कंद धरले. तिने बघितलं आणि मान खाली घातली. तिला माहीत नव्हतं, हे मी तिच्या तोंडावरून सांगू शकते. पण कुणी केलं असेल ते तिलाही तेवढ्यात कळलं.

भाद्रपदात गौर आली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला हातांशिवाय उभी केली. बाजारात डोंगरातून आणलेली कळलावीची फुलं जुडीने मिळत होती, मी घेतली नाहीत. परक्याचे हात आईच्या गौरीला लावायचे नव्हते. विहीण जेवायला आली. मी ताटात ते कंद मांडून तिच्यासमोर ठेवले.

"हे काय, विहीणबाई?"

"ओळखा. तुमच्याकडे राहून आलेत."

"उगवले नाहीत का? मातीत दोष असेल."

"डोळे मोडलेत. सगळ्यांचे. कोणी मोडले?"

"मी दिले तसे दिले."

"गौरीची आण घेतली होती तुम्ही. इथे, याच पाटावर."

"आण सगळे परत देण्याची होती," ती म्हणाली. "सगळे दिले. कमी आहेत का बघा." मग पदर सावरत म्हणाली, "आणि ओटीत दिलेलं असं ताटात मांडून कुणी विचारतं का?"

माझा आवाज चढला. चाळीतल्या बाया दारात आल्या. मुलगा म्हणत होता, "आई, सोड ना यार, एक वेल तर आहे!" मी त्याच्यावर ओरडत होते, सून मला आवरत होती, आणि या गोंधळात नात रांगत ताटापाशी आली. तिने एक कंद उचलला आणि तोंडाकडे नेला.

विहीण माझ्याआधी पोचली. तिने पोरीच्या हातावर असा फटका मारला की कंद भिंतीला जाऊन लागला. पोर किंचाळली. सून तिला उचलून मोरीकडे पळाली, साबणाने हात, ओठ, जीभ, सगळं धुतलं. आत काही गेलं नव्हतं. तरी आम्ही सगळे उभेच होतो, पोरीचं रडणं थांबेपर्यंत कुणी बसलं नाही. विहीण भिंतीला टेकली होती, तोंड पांढरं पडलेलं.

"बघितलंत?" ती म्हणाली. एवढंच.

बघितलं. मी आंधळी नाही. तिची भीती खोटी होती असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. त्या संध्याकाळी मी ते कंद आणि पिंपातली माती डोंगराच्या कडेला नेऊन पुरली, आणि आमच्या घरात गौरीला त्यानंतर हात आले नाहीत. सून पुढे कापडाचे शिवते म्हणाली. मी नको म्हटलं.

नात आता मोठी आहे. विहिणीकडे सणावाराला जाणं-येणं आहे, वाढणं-जेवणं आहे. दरवर्षी मी विचारते, आणि दरवर्षी ती म्हणते, "अजून तेच का?" हो, अजून तेच.

माझं म्हणणं साधं आहे, विहीणबाई, आणि ते इथे लिहून ठेवते, म्हणजे तुम्हाला ऐकलं नाही असं म्हणता येणार नाही. तुम्हाला वेल नको होती तर तोंडावर नाही म्हणायचं होतं. मी भांडले असते, आकाशपाताळ एक केलं असतं, आणि कदाचित नातीसाठी शेवटी हरलेही असते. हरणं मला येतं, बाजारात रोज हरते. सौदा मोडायचा तर समोरासमोर मोडतात. तुम्ही मला डोळा कुठे आहे ते विचारून घेतलंत, त्यावर कुंकू थापलंत आणि माझ्या आईची वस्तू माझ्याच पदरात मेलेली घातलीत. का? मला घाबरत होता म्हणून, की मी चाळीतली म्हणून? दवाखान्यात मी जे बोलले त्याचा राग होता की आधीपासूनच ठरवलं होतं? यातलं एक काय ते सांगा. तुमचे गुडघे गेलेत, इथवर यायला जमणार नाही, तर मी दिंडोशीला येते. पण सांगा. आणि मला हल्ली कमी ऐकू येतं, तेव्हा मोठ्याने सांगा.